फोर्कलिफ्टच्या मागे माणसं उभी करून मशीन ट्रकवर चढवतात, हे थांबवायचं कसं?

सातचा_भोंगा

नमस्कार मंडळी. मी भोसरी एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत डिस्पॅच बघतो. आम्ही एसपीएम बनवतो, म्हणजे गिऱ्हाइकाच्या एका ठरावीक कामासाठी घडवलेली मशीनं. महिनाअखेर आली की बिल निघावं म्हणून मशीन गेटबाहेर काढायची घाई सुरू होते, आणि जे काही वेडंवाकडं घडतं ते त्याच दोन-तीन दिवसांत घडतं.

परवाचा प्रसंग सांगतो. लाकडी पेटीसकट २६०० किलोचं मशीन. पेटी १.८ मीटर लांब, १.२ मीटर रुंद. आमची फोर्कलिफ्ट तीन टनी, डिझेलची. ट्रक पाठमोरा लावला, मागचा फाळका पाडला. ड्रायव्हरने पेटी लांबीतून उचलली आणि फोर्कलिफ्टची मागची चाकं जमिनीवरून सुटली. चांगली चार बोटं वर. सुपरवायझर ओरडला, "अरे चढा रे मागे दोघं!" वाराईवर, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीवर बोलावलेल्या पोरांपैकी दोघं काउंटरवेटवर, म्हणजे गाडीच्या मागच्या तोल सांभाळणाऱ्या वजनावर चढली, ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या गार्डचा खांब धरून उभी राहिली. चाकं टेकली, गाडी डुलत डुलत ट्रकपर्यंत गेली. पेटी हौद्यात टेकली त्या क्षणी पुढचा भार गेला, मागची बाजू दणकन खाली आली आणि एका पोराचा पाय सटकला. तो बाजूला पडला म्हणून वाचला. मागे पडला असता आणि ड्रायव्हरने त्याच वेळी रिव्हर्स टाकला असता, तर आज मी हा धागा काढायच्या मनःस्थितीत नसतो.

मालकांशी बोललो. ते म्हणाले, "गाडी तीन टनी, माल अडीच टन. घाबरायचं कशाला?" पुढच्या आठवड्यात अगदी असंच दुसरं मशीन कोल्हापूरला जायचंय. त्यांच्यासमोर ठेवायला मला हिशोब हवाय. कळवळ्याने बोलून झालं, त्याचा उपयोग झाला नाही.

गेजब्लॉक

हिशोब देतो. फोर्कलिफ्टच्या सर्व्हिसमध्ये आयुष्य गेलं, त्यामुळे ही मागे माणसं चढवायची पद्धत अनेक कारखान्यांत पाहिली आहे आणि दर वेळी पोटात गोळा आला आहे.

आधी गाडीवरची प्लेट बघा. ड्रायव्हरच्या समोर नाहीतर बाजूला रिव्हेट केलेली असते. पुष्कळ ठिकाणी तिच्यावर रंग मारलेला असतो, तो खरवडून काढा. ३००० किलोच्या शेजारी बहुधा ५०० मिमी लिहिलेलं असेल. ते लोड सेंटर: फोर्कच्या (माल उचलणाऱ्या दोन लोखंडी पात्यांच्या) उभ्या तोंडापासून मालाच्या गुरुत्वमध्यापर्यंतचं अंतर. म्हणजे मालाचा मध्य अर्ध्या मीटरवर असेल तरच गाडी तीन टनी. मध्य पुढे सरकला की क्षमता उतरते.

ही गाडी तराजूसारखी आहे. पुढे माल, मागे काउंटरवेट, आणि टेकू पुढच्या आसाचा. तीन टनी गाडीत पुढच्या आसापासून फोर्कच्या तोंडापर्यंत साधारण ४८० मिमी असतात (तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल). ५०० अधिक ४८० म्हणजे ९८०. ३००० गुणिले ९८० म्हणजे २९,४०,०००. गाडीची खरी ताकद हा आकडा, किलो-मिलिमीटरमध्ये.

आता तुमची पेटी. लांबीतून उचलली तर मध्य ९०० वर. त्यात ४८० मिळवा, १३८०. २९,४०,००० भागिले १३८०, उत्तर २१३० किलो. तुमची तीन टनी गाडी त्या पेटीसाठी दोन टनांच्या जरा वरची गाडी होती. माल २६०० किलो.

आता मागची दोन पोरं. ७० किलोची धरा, आसापासून २२०० मिमी मागे. १४० गुणिले २२०० म्हणजे ३,०८,०००. त्याला १३८० ने भागलं की २२३ किलो. २१३० अधिक २२३ म्हणजे २३५३. दोन जिवंत माणसं टांगून सुद्धा २४७ किलो कमीच.

मालक विचारतील, मग चाकं टेकली कशी? क्षमता ठरवताना बनवणारी कंपनी पलटायच्या बिंदूच्या बरंच अलीकडे थांबते. ब्रेक मारला, चाक खड्ड्यात गेलं, मास्ट (फोर्क वर-खाली नेणारा पुढचा उभा सांगाडा) पुढे झुकला, तर गाडी तगावी म्हणून ती जागा राखलेली असते. तुम्ही उभ्या गाडीत ती सगळी संपवलीत. वाटेत एक वायरचा तुकडा आला असता तरी पुरे होता.

कारखानदार_छोटा

गेजब्लॉक, गणित मान्य. पण मालकाची बाजूही ऐका. माझा चाकणला लहानसा शॉप आहे. महिन्यातून एखाद-दुसरं जड मशीन जातं. त्यासाठी पाच टनी फोर्कलिफ्ट विकत घेणं परवडत नाही. हायड्रा (चाकांवरची छोटी क्रेन) बोलावला तर अर्ध्या तासाच्या कामाला त्याचं किमान भाडं द्यावं लागतं, आणि आमच्या गल्लीत दोन ट्रक उभे असले की हायड्राचा बूम फिरायला जागा नसते. गिऱ्हाईक लोडिंगचे पैसे वेगळे देत नाही. माणसाचा जीव स्वस्त आहे असं म्हणणारा मी नाही, पण जागा आणि पैसा या दोन्ही अडचणी खऱ्या आहेत. उपाय सांगा, आम्ही करू.

आडनाव_नको

मी फोर्कलिफ्टच चालवतो, वाळूजला. कॉन्ट्रॅक्टवर. ड्रायव्हरचं कोणी विचारलं नाही म्हणून लिहितो.

फोर्कलिफ्टचं स्टिअरिंग मागच्या चाकांवर असतं. मागची चाकं हलकी झाली की पहिल्यांदा हाताला कळतं, स्टिअरिंग एकदम लोण्यासारखं फिरायला लागतं. ते हलकं लागलं की समजायचं गाडी आपल्या ताब्यात नाही. साहेब लांबून बघतात त्यांना चाक सुटलेलं दिसायच्या आधी आम्हाला कळलेलं असतं. तेव्हा एकच करायचं. जागेवर थांबायचं, माल हळू खाली. ना वळण, ना ब्रेक, ना टिल्ट.

मागे माणूस चढला की मी इंजिन बंद करतो आणि चावी खिशात घालतो. शिव्या बसतात. गेटवर दुसरा ड्रायव्हर कायम उभा असतो हे मलाही माहीत आहे, त्यामुळे सगळ्यांना हे जमेल असं म्हणणार नाही. घरी कमावणारा एकटा असला की तोंड उघडत नाही.

आणि बेल्ट. बसायच्या गाडीचा ड्रायव्हर बेल्ट लावत नाही कारण दर पाच मिनिटांनी उतरावं लागतं. गाडी कलंडायला लागली की शरीर आपोआप उडी मारायला बघतं, आणि माणूस ज्या बाजूला गाडी पडते त्याच बाजूला पडतो. वरचा गार्ड छातीवर नाहीतर मानेवर येतो. शिकवताना सांगितलं होतं: उडी मारू नको, स्टिअरिंग घट्ट धर, पाय रोव, गाडी पडतेय त्याच्या उलट बाजूला अंग टाक. बेल्ट असेल तरच हे जमतं.

मुकादमाची_लेक

सातचा_भोंगा, त्या पोराचं पुढे काय झालं? डॉक्टरला दाखवलं का? तो वाराईवर आलेला म्हणजे कंपनीच्या हजेरीत त्याचं नाव नसणार.

माझे वडील कळंबोलीच्या लोखंड बाजारात माथाडी टोळीचे मुकादम होते. आमच्या घरी अपघात म्हणजे कधीच ड्रायव्हरचा अपघात नव्हता. फोर्कलिफ्टवर बसलेल्याच्या डोक्यावर निदान गार्ड असतो. खाली उभ्या असलेल्याकडे काय असतं? माल टेकताना "जरा इकडं, अजून थोडं" करत पेटीला हात लावणारा, पहार घालून कोपरा सरकवणारा, हौद्यात पेटी आणि फाळक्याच्या मध्ये उभा राहणारा, दोरी ओढणारा. वडिलांच्या टोळीत एक नियम होता आणि ते तो कडक पाळून घ्यायचे: फोर्क वर असताना मालाला हात लावायचा नाही. माल टेकला, फोर्क उतरले, ड्रायव्हरने हात लिव्हरवरून काढून वर दाखवला, की मगच जवळ जायचं. ठोकळा सरकवायचा असेल तर लांब काठीने. हाताने ठोकळा घालताना बोटं गेलेले काका आमच्याकडे चहाला यायचे, कप दोन्ही तळव्यांत धरायचे.

आणखी एक. इशारा करणारा माणूस एकच हवा. चार जण चार बाजूंनी "येऊ दे, येऊ दे" करतात तेव्हा ड्रायव्हर सगळ्यात मोठा आवाज ऐकतो, आणि ज्याला पेटीची पलीकडची बाजू दिसते तो माणूस बहुतेक वेळा गप्पच असतो.

अण्णासाहेब पाटलांनी माथाड्यांना एकत्र आणलं, १९६९ चा माथाडी कायदा झाला, मंडळं आली, भविष्यनिर्वाह निधी आला. ती सगळी लढाई पाठीवर ओझं वाहणाऱ्या माणसाला हक्काचा कामगार म्हणून नोंद मिळावी यासाठी होती. नाक्यावरून उचलून आणलेल्या पोराला यातलं काहीच मिळत नाही आणि काउंटरवेटवर नेमकं त्यालाच चढवलं जातं.

सातचा_भोंगा

ताई, पोराला खरचटलं होतं, मुका मार होता. दवाखान्यात नेलं, एक्स-रे काढला, काही नाही. पैसे कंपनीने दिले. हजेरीत नाव नाही, हे तुमचं बरोबर आहे.

गेजब्लॉक काका, प्लेट खरवडली. ३००० किलो, ५०० मिमी, जसं लिहिलंत तसंच. खालच्या ओळीत साइड शिफ्टर (फोर्क डावी-उजवीकडे सरकवणारा जोड) लावल्यावर क्षमता आणखी कमी लिहिली आहे, आणि आमच्या गाडीला साइड शिफ्टर आहे. आमच्यापैकी कोणीही ती ओळ कधी वाचली नव्हती.

गेजब्लॉक

म्हणजे २१३० सुद्धा जास्तच धरले होते.

कारखानदार, उपाय विचारलात, तर पहिला उपाय फुकटातला आहे. पेटी आडवी उचला. १.८ च्या बाजूने फोर्क घाला, म्हणजे खोली १.२ मीटर आणि मध्य ६०० वर. २९,४०,००० भागिले १०८० म्हणजे २७२२ किलो. त्याच गाडीत, त्याच मालाला जवळपास सहाशे किलोंचा फरक पडला. फक्त मग ट्रक पाठमोरा लावून चालणार नाही, बाजूचा फाळका उघडून कुशीतून भरायचं.

यात दोन अडचणी येतील. पहिली, पेटीचे खालचे रनर, म्हणजे तिला जमिनीपासून उचलून धरणाऱ्या लाकडी पट्ट्या. पॅकिंगवाला ते एकाच दिशेने फोर्क जातील असे ठोकतो. ऑर्डर देतानाच सांगा की लांब बाजूने फोर्क गेले पाहिजेत, खाली किमान १०० मिमी मोकळे हवेत. सुताराचं काम आहे, खर्च किरकोळ.

दुसरी अडचण जास्त महत्त्वाची. एसपीएममध्ये वजन कधीच सारखं पसरलेलं नसतं. स्पिंडल हेड, मोटर, हायड्रोलिक टाकी एका टोकाला गोळा झालेली असते. आडवी उचलताना ते टोक डाव्या किंवा उजव्या हाताला येतं आणि एकाच फोर्कवर भार पडतो. आडव्या तोलात ही गाडी फार कच्ची असते. मागचा आस मधोमध एका खिळीवर झुलतो, त्यामुळे चार चाकं दिसली तरी तोल सांभाळतो तो त्रिकोण: पुढची दोन चाकं आणि मागची ती खीळ. गाडी पुढे कलंडताना निदान चाक उचलून सूचना देते. बाजूला कलंडताना वेळच देत नाही. फोर्क शक्य तितके फाकवा आणि ते पेटीच्या मधोमध धरू नका, वजनाच्या मध्याच्या दोन्ही बाजूंना सारखे ठेवा. मध्य कुठे हे डिझाइनवाल्याला विचारा, ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन क्लिकमध्ये सांगतो.

आणि साइड शिफ्टर धरता २७२२ मधले आणखी थोडे जातील. २६०० च्या मालाला हे फार काठावर आहे. सातचा_भोंगा, तुमच्या मशीनला माझा सल्ला पाच टनी गाडी भाड्याने आणण्याचाच. आडवं उचलायचं ते तिनेही.

जाता जाता फोर्कची टाच मोजा. जिथे फोर्क वळून आडवा होतो ती जागा. व्हर्नियर लावा, आणि उभ्या भागाची जाडी मोजा, तो घासत नाही म्हणून मूळ जाडी तीच. टाच दहा टक्के झिजली असेल तर फोर्क बदलायचा, वेल्डिंग करून भरायचा नाही. ४५ मिमीचा फोर्क ४०.५ ला आला की भंगार. फोर्क जमिनीवर घासत फिरवायची सवय असलेल्या कारखान्यात तो या मापावर लवकर येतो.

हॅनोवरचा_पाहुणा

जर्मनीत गोदामात काम करतो, म्हणून इथलं सांगतो. इथे फोर्कलिफ्ट चालवायला १८ वर्षं पूर्ण हवीत, प्रशिक्षण हवं आणि त्यावर मालकाने त्या माणसाला लेखी नेमलेलं हवं. अपघात विमा संस्थांच्या ६८ क्रमांकाच्या नियमातच ते आहे. त्या लेखी नेमणुकीमुळे "कोणीतरी चालवली" हे उत्तर उरत नाही. चावीसुद्धा गाडीत राहत नाही.

पण मला इथे सगळ्यात जास्त काय पटलं तर जमिनीवरचा रंग. चालणाऱ्यांचा रस्ता वेगळा, गाडीचा वेगळा, आणि भरणं चालू असताना त्या चौकोनात ड्रायव्हरशिवाय कोणी नाही. ट्रकचा ड्रायव्हरसुद्धा ठरलेल्या जागी जाऊन बसतो. रंगाचा डबा भोसरीतही मिळतो. भाड्याच्या गाडीची वाट न बघता उद्या सकाळी करता येईल असं हे काम आहे.

आडनाव_नको

ट्रकच्या ड्रायव्हरवरून आठवलं. आमच्याकडे मी फोर्क हौद्यात घातलेला असताना ट्रक पुढे सरकला होता. ड्रायव्हरला वाटलं भरून झालं. तेव्हापासून ट्रक लागला की त्याची चावी डिस्पॅचच्या टेबलावर, आणि दोन्ही बाजूंच्या चाकांना ठोकळे. चावी गेटपासबरोबरच परत.

निळी_शाई

कायद्याचं थोडं. कामगारांच्या बाजूने वकिली करते. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत जुना फॅक्टरी ॲक्ट सामावला आहे, पण लोकांच्या तोंडी १९४८ च्या कायद्याचीच कलमं आहेत म्हणून तीच देते.

कलम २९ मध्ये उचलण्याची यंत्रं, साखळ्या, पट्टे यांची सक्षम व्यक्तीकडून बारा महिन्यांतून निदान एकदा पूर्ण तपासणी सांगितली आहे, आणि ठरलेल्या भारापेक्षा जास्त भार उचलायचा नाही असंही. त्या कलमातल्या व्याख्येत क्रेन, विंच वगैरेंची नावं आहेत, फोर्कलिफ्टचं नाव नाही, पण नीट चालणाऱ्या कंपन्या फोर्कलिफ्टही त्याच तपासणीत घेतात. मालकाने व्याख्येवर बोट ठेवलं तर कलम ७अ दाखवा: कामगारांच्या सुरक्षिततेची सर्वसाधारण जबाबदारी कारखान्याच्या ताबेदाराची आहे, यंत्र कुठलंही असो.

मुकादमाची_लेक म्हणाल्या तो मुद्दा फार मोठा आहे. कायद्यातली "कामगार" ही व्याख्या ठेकेदारामार्फत आलेल्यालाही धरते, मग मालकाला त्याची माहिती असो वा नसो. नाक्यावरून आणलेला पोरगा हजेरीत नाही म्हणून आपली जबाबदारी नाही, असं म्हणता येत नाही. उलट हजेरीत नाव नसणं हा मालकावरचाच आणखी एक ठपका. दुखापतीमुळे माणूस ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही, तर कलम ८८ खाली कळवावं लागतं.

कलम १११अ प्रमाणे कामगार सुरक्षेच्या त्रुटींबद्दल थेट निरीक्षकाकडे म्हणणं मांडू शकतो. आपल्याकडे ते औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. सुरक्षा अधिकारी ठेवण्याचं सर्वसाधारण बंधन जुन्या कायद्यात हजार कामगारांपासून होतं, नव्या संहितेत पाचशेपासून आहे, त्याच्या आतल्या कारखान्याला नाही, त्यामुळे भोसरी-चाकणच्या बहुतेक शॉपमध्ये हे बघणारं कोणी नसतं. ते काम तुमच्यासारख्या डिस्पॅचवाल्यावर येतं. मालकांना हे लेखी द्या, ईमेल केलीत तरी चालेल. तोंडी सांगितलेलं अपघातानंतर कोणालाच आठवत नाही.

कारखानदार_छोटा

पेटी आडवी उचलायचं इतकी वर्षं सुचलं नव्हतं, कारण ट्रक पाठमोराच लावायची सवय. आमच्या गल्लीत बाजूने भरायला ट्रक रस्त्याला समांतर उभा करावा लागेल, शेजाऱ्याशी बोलून ठरवतो. काउंटरवेटवर कोणी चढायचं नाही, हे आज शॉपमध्ये सांगितलं. ड्रायव्हरलाही सांगितलं की चावी काढलीस तर तुला कोणी बोलणार नाही.

शेवाबंदर

न्हावा शेवाला कार्गोचं काम करतो. तुम्ही सगळे चढवण्याबद्दल बोलताय. मशीन कोल्हापूरला उतरवणार कोण?

तिथल्या माणसाला पेटीकडे बघून काहीही कळत नाही. वजन कळत नाही, जड टोक कळत नाही. तो चार लोकांना विचारेल, कोणीतरी म्हणेल "दीड-दोन टन असेल", आणि तिथे मिळेल ती गाडी लावतील. जहाजाने जाणाऱ्या मालाबद्दल हे फार पूर्वी लक्षात आलं होतं. १९२९ चा आंतरराष्ट्रीय करार आहे की एक टन किंवा त्याहून जड नगावर वजन स्पष्ट आणि टिकेल असं लिहिलेलं हवं, आणि भारताने तो मान्य केलेला आहे. कंटेनरचं तर १ जुलै २०१६ पासून पडताळलेलं वजन दिल्याशिवाय जहाजावर चढत नाही. रस्त्याने जाणाऱ्या पेटीवर मात्र फक्त पत्ता आणि "सांभाळून हाताळा".

चारही बाजूंना काळ्या रंगाने वजन लिहा, वीतभर अक्षरांत. गुरुत्वमध्य जिथे येतो तिथे वर्तुळात अधिकची ठरलेली खूण काढा, फोर्क कुठून घालायचे ते बाण काढून दाखवा. आणि उतरवणाऱ्याला आदल्या दिवशी फोन करून विचारा: गाडी किती टनी, लोड सेंटर किती.

सातचा_भोंगा

मंडळी, मनापासून आभार. गेजब्लॉक काकांचा हिशोब कागदावर मांडून मालकांच्या टेबलावर ठेवला, प्लेटच्या फोटोसकट. साइड शिफ्टरची ओळ त्यांनी स्वतः दोनदा वाचली. पाच टनी गाडी भाड्याने आणायला हो म्हणाले, आणि ते भाडं पुढच्या कोटेशनपासून पॅकिंगच्या रकमेत धरायचं ठरलं. निळी_शाई ताई, ईमेलही पाठवली आहे. वाराईच्या पोरांची नावं रजिस्टरला घ्यायचं अजून अडलंय, ठेकेदार टाळतोय. त्याचा पाठपुरावा मी सोडणार नाही.

शेवाबंदर, तुमचं वाचून कोल्हापूरला फोन लावला. त्यांच्याकडे अडीच टनी गाडी आहे आणि ते म्हणाले, "होईल की, मागे दोघं उभे करतो." त्यांना हा धागा पाठवतोय. आपली भाड्याची गाडी तिथवर नेता येणार नाही, तेव्हा कोल्हापूर-शिरोली भागात पाच टनी फोर्कलिफ्ट किंवा हायड्रा देणारं कोणी माहीत असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप करा. मशीन गुरुवारी निघतंय.

आडनाव_नको

शिरोलीत माझा एक ओळखीचा ड्रायव्हर आहे, पाच टनीवर असतो. निरोप केलाय. गाडी मिळेपर्यंत ट्रक इथून सोडू नका, एकदा तिथे पोचला की उतरवून घ्यायची घाई तुमची राहत नाही, ट्रकवाल्याची होते.